ईर्षेची तालीम

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक फेरी मारतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून नाकाडोळ्यांतून पाणी काढतो आणि परतताना चावणारी एक चप्पलजोडी व गुळाची ढेप घेऊन गाडीत बसतो. मीही आजवर चारपाच वेळा असाच जाऊन आलो होतो. गेल्या जानेवारीत आक्काच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला म्हणून जो गेलो, तो मात्र परत येताना चप्पल विसरलो आणि गूळही विसरलो. बरोबर आली ती शिसपेन्सिलीने भरलेली चौदा पानांची एक वही.

त्या वहीची हकीकत सांगायची तर आधी माझी एक चूक सांगितली पाहिजे.

मी मुंबईच्या एका उपनगरात शाळामास्तर आहे. विषय गणित. परंतु कॉलेजात असताना दोन वर्षे मी फुटबॉलच्या संघात डाव्या बगलेला खेळलो होतो, आणि शाळेत हा खेळ शिकवायला दुसरे कोणी नव्हते. एवढ्या पुण्याईवर शाळेचा फुटबॉल संघ माझ्या गळ्यात पडला. वीस मुले, दोन चेंडू आणि संध्याकाळचा एक तास. मुले गुणी होती, वेळेवर येत होती. पण सरावात म्हणून जीव नसे. एक जण गोलवर चेंडू मारी आणि उरलेले एकोणीस रांगेत उभे राहून चिंचा खात. मी ओरडत असे, "अरे, जरा जोर दाखवा! सामन्यात असेच चालणार का?" मुले दोन मिनिटे जोर दाखवीत आणि पुन्हा चिंचा काढीत.

यावर मला एकच औषध ठाऊक होते, ते म्हणजे मैदानाला फेऱ्या. आमच्या वेळी आम्हांला तेच पाजले होते. मे महिन्याच्या शिबिरात सकाळी अकराच्या उन्हात मी संघाला दहा फेऱ्या घालायला लावल्या. आठव्या फेरीला आठवीतला एक मुलगा पडला. सावलीत नेले, अंगावर पाणी मारले, डॉक्टरांना बोलावले. देवाची कृपा म्हणून दोन दिवसांत तो हिंडूफिरू लागला. मैदानावर मात्र आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. मी भांडणाच्या तयारीने बसलो होतो. पण बाई भांडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सर, तुम्हांला मुलांना खेळवायचं होतं की दमवायचं होतं?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

हा प्रश्न पुढे आठ महिने माझ्याजवळ होता. दादरला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हाही तो वळकटीत होताच. मिरजेला जाग आली. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल लागला, दोन्ही अंगांना ऊस, आणि कुठूनसा गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास डब्यात शिरला. स्टेशनवर दाजी आले होते. तरुणपणी दाजींनी लाल माती अंगाला लावली होती. आता वयाने सत्तरी गाठली असली तरी खांदे अजून दारात अडकतील असे. "काय पाव्हणं, लईच वाळलासा," असे म्हणून त्यांनी माझी पिशवी दोन बोटांत उचलली.

वास्तुशांत दुसऱ्या दिवशी होती. पहाटे पाच वाजता दाजींनी मला पांघरुणातून ओढून काढले आणि पेठेतल्या एका तालमीत नेले.

कोल्हापूरची तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेचे ते दिवाणखाने आहे, पंचायत आहे, गणपतीचे मंडळ आहे आणि पोरांचे दुसरे घरही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले आणि या गावाच्या अंगात मल्लविद्या अशी मुरवली की महाराज १९२२ साली गेले तरी ती गेली नाही. पण खरी मौज पुढेच आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परक्या माणसाला वाटावे की खासबागेत कुस्त्या ठरल्या आहेत. प्रत्यक्षात हे आहेत फुटबॉलचे संघ! साहेबाचा हा खेळ कोल्हापूरकरांनी घेतला आणि सरळ तालमीत नेऊन बसवला. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आहे आणि एका नामांकित संघाचे तर नावच प्रॅक्टिस क्लब आहे. ज्या गावाने संघाला सरावाचेच नाव दिले, त्या गावात माझ्या प्रश्नाचे उत्तर नसले तर मग कुठे असणार?

पण त्या पहाटे मला हे काही सुचले नव्हते. मी डोळे चोळत भिंतीला टेकून उभा होतो. आत दिव्याच्या उजेडात लाल माती. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या त्या मातीला एक उबदार वास येतो. पंचवीसेक पोरे असतील. काही जोर काढीत होती, काही बैठका मारीत होती. एका खुर्चीवर वस्ताद बसले होते. ते दोन नावे घेत. दोन पोरे हौद्यात उतरत. सलामी झाली की अशी काही झटापट सुरू होई की मातीचे ढेकूळ आमच्या पायांपर्यंत यावे. तीनचार मिनिटे गेली की वस्ताद हात वर करीत. ती जोडी बाजूला, पुढची आत. बाहेर आलेले पोर श्वास घेई, टॉवेलने घाम पुशी, आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्याचे नाव पुकारले जाई.

मी गणिताचा माणूस. न कळत मोजू लागलो. तासाभरात एकही पोर रांगेत उभे राहिले नव्हते. वस्तादांनी आवाज एकदाही चढवला नव्हता. आणि "जोर लावा" हे शब्द मी ऐकलेच नव्हते.

एक धिप्पाड पोरगा घामाने थबथबला होता. त्याला आणखी एक लढत हवी होती. वस्ताद म्हणाले, "बस झालं. उद्याला काय तरी अंगात ऱ्हाऊ दे."

मी भीत भीत त्यांच्याजवळ गेलो आणि विचारले, "पोरांना दमवून कस काढला, तर ती तयार होत नाहीत का?"

वस्तादांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. "दमवायला अक्कल लागत न्हाई, पाव्हणं. दगूड उचलून गावाबाहेर टाकून ये म्हटलं तरी पोरगं दमतंय. दमलेलं पोरगं डाव शिकत न्हाई, निस्ता रेटत ऱ्हातंय. जोड बरोबरीची लावायची. जोड बरोबरीची असली का जोर कुणाला सांगाय लागत न्हाई."

बाहेर आल्यावर दाजींनी विचारले, "काय लिव्हतासा?" मी वहीचे पहिले पान उघडले होते.

वास्तुशांत झाली, जेवणावळी झाल्या, आणि संध्याकाळी आक्काचा धाकटा मला म्हणाला, "मामा, येतासा काय मैदानावर? माझी पोरं असत्यात." हा माझा भाचा दिवसा एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करतो आणि संध्याकाळी पेठेतल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मध्यंतरी त्याने प्रशिक्षकांचा एक अभ्यासक्रमही पुरा केला आहे. मला वाटले, हा काही नवलाईचे यंत्रतंत्र दाखवील. मैदानावर पाहतो तो काय, विटांचे तुकडे, जुन्या चपला, आणि एका कापडी पिशवीत दहाबारा चेंडू.

चोवीस पोरे होती. भाच्याने विटा मांडून मोठ्या मैदानाची चार लहान मैदाने केली. एकेका मैदानात सहा पोरे, तिघांविरुद्ध तिघे. गोलकीपर नाही, दोन विटांमधली दोन पावले जागा हाच गोल. प्रत्येक मैदानाच्या कडेला दोन जादा चेंडू ठेवलेले. शिट्टी वाजली आणि चारी ठिकाणी एकदम धुमश्चक्री उडाली.

मी एक शेंबडासा पोरगा हेरला आणि बोटे मोजू लागलो. चार मिनिटांत त्याच्या पायाला चेंडू वीसाहून अधिक वेळा लागला. मग मला माझ्या शाळेतला हिशेब आठवला. वीस मुलांची रांग; प्रत्येकाच्या फटक्याला, चेंडू परत आणण्यासकट, वीस सेकंद. म्हणजे एकाची पाळी पुन्हा यायला चारशे सेकंद, पावणेसात मिनिटे! वीस मिनिटांच्या त्या सरावात एका मुलाच्या वाट्याला तीन फटके येत होते, आणि मी गणिताचा मास्तर असून "जोर दाखवा" म्हणून कोकलत होतो. जोर दाखवायला त्यांच्या पायांत चेंडू तर यायला हवा!

चेंडू बाहेर गेला की भाचा लगेच दुसरा आत टाकी. चेंडू आणायला पळायचे, तोवर इतरांनी कमरेवर हात ठेवायचे, हा प्रकारच नव्हता. चेंडू हिसकावला गेला की बाहेरची पोरे मोठ्याने मोजत, "एक! दोन! तीन! चार! पाच!" या पाच आकड्यांत ज्याने चेंडू परत मिळवला त्याला एक गुण जादा. त्यामुळे चेंडू गमावलेला पोरगा हात झटकीत उभा राहण्याऐवजी उलट्या पावली झेपावत होता. मोठ्या सामन्यात नेमका याच क्षणी निम्मा संघ झोपतो, हे ज्याने फुटबॉल पाहिला आहे त्याला सांगायला नको.

चार मिनिटे झाली. शिट्टी. पोरे पाण्याकडे धावली. या तीन मिनिटांच्या विसाव्यात भाचा बोलला, आणि तेही जेमतेम दोन वाक्ये. खेळ चालू असताना तो थांबवून त्याने व्याख्यान दिले नाही. मी तर दर दोन मिनिटांनी शिट्टी मारून कोन, त्रिकोण समजावीत असे, आणि मुले गार पडली म्हणून पुन्हा रागवत असे!

यानंतर जे झाले ते मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. चारही मैदानांना पायऱ्यांसारखा क्रम होता. जिंकलेले तिघे एक मैदान वर गेले, हरलेले तिघे एक मैदान खाली आले. पुन्हा चार मिनिटे. पुन्हा वर-खाली. चौथ्या डावापर्यंत अशी गंमत झाली, की वरच्या मैदानात तगड्यांची गाठ तगड्यांशी पडली आणि खालच्या मैदानात नवशिक्यांची नवशिक्यांशी. तिथला तो शेंबडा पोरगा, पहिल्या डावात ज्याला कोणी चेंडू देत नव्हते, त्याने गोल केला आणि सदरा डोक्यावर ओढून मैदानभर नाचला. कोणी कोणाला निवडले नव्हते, कोणाला "कच्चा" म्हटले नव्हते. आपोआप बरोबरीच्या जोड्या लागल्या होत्या.

"हे तू तालमीतून उचललंस की काय?" मी विचारले.

"न्हाई मामा, अभ्यासक्रमात शिकलो," तो हसला. "घरी सांगितलं तर दाजीआजोबा म्हणाले, ह्यात नवीन काय हाय?" दाजींना सारी पेठच दाजी म्हणते, त्यामुळे पोटचा मुलगाही पोरांच्या देखत त्यांना दाजीआजोबा म्हणतो.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघे दुधाच्या कट्ट्यावर गेलो. कोल्हापुरात संध्याकाळ झाली की म्हशी चौकात येतात आणि समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. ओठांवर फेसाची मिशी घेऊन भाचा मला त्याची विद्या सांगत होता आणि मी खांबाखालच्या उजेडात लिहीत होतो.

तो म्हणाला, सामना नव्वद मिनिटांचा असला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो तासाभराहूनही कमी वेळ. मोठा खेळाडू एका सामन्यात दहाएक किलोमीटर अंतर कापतो, पण एका लयीत पळून नव्हे. क्षणभर जिवाच्या आकांताने धाव, मग चाल, मग वळण, मग पुन्हा धाव. मैदानाला संथ फेऱ्या मारून या धावपळीची तयारी होत नाही. म्हणून सरावाचे तुकडे पाडायचे. नॉर्वेतल्या संशोधकांनी तरुण फुटबॉलपटूंवर प्रयोग करून दाखवले, की चार मिनिटे जोराची मेहनत, तीन मिनिटे हलकी हालचाल, असे चार वेळा केले तर छातीचा भाता वाढतो आणि खेळाडू सामन्यात अधिक धावतो. पुढे असेही दिसून आले, की हीच मेहनत लहान संघांच्या खेळातूनही होते. खेळाडू जितके कमी, तितकी प्रत्येकाच्या काळजाची धडधड जास्त. जागा मोठी दिली तर धाव वाढते; आखूड केली तर झटापट आणि वळणे वाढतात. गोलकीपर ठेवले की पोरे जरा सावध होऊन मागे राहतात.

"आणि प्रशिक्षकाच्या ओरडण्याचं काय?" मी हळूच विचारले. हा माझा मर्माचा प्रश्न होता.

"ओरडायचं की! त्यानं फरक पडतोय, हे बी मोजून बगितलंय. पण काय ओरडतोय ते म्हत्त्वाचं. पोराचं नाव घ्यायचं आणि त्यानं आत्ता काय चांगलं केलं ते सांगायचं. 'जोर लाव' म्हटलं तर पोराला काय कळणार? 'शाब्बास, परत फिरलास' म्हटलं तर कळतंय."

रोज असे करायचे का, तर नाही. आठवड्यात दोन दिवस कडक मेहनत, मधल्या दिवशी हलका सराव, आणि सामन्याच्या आधी दोन दिवस थोडा पण चपळ खेळ. पोरे ताजी असतील तरच जोराने खेळतील. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पाणी मागेल तेव्हा द्यायचे, आणि मागितले नाही तरी द्यायचे. "२०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात उन्हापायी पंचांनी सामना थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला लावलं हुतं, मामा. ती तर जगातली निवडक माणसं!" हे तो सहज बोलला. माझ्या मे महिन्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मी पेला खाली ठेवला.

हे सारे ऐकताना मला हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण झाली. पेशाने तेही शिक्षकच. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्तात आशियाई क्रीडास्पर्धांचे सुवर्णपदक आपल्या फुटबॉल संघाने जिंकले, १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, ती सारी रहीमसाहेबांच्या शिकवणीची फळे. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा आपल्या मुंबईचा. रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स कप घेऊन जात असे. हा मास्तर सरावाला काय करी? चेंडू पायाशी न घोळवता लगेच पुढे द्यायचा, अशा अटीचे सामने भरवी. फक्त कच्च्या पायाने खेळायचे, असेही सामने भरवी. उपदेश न करता खेळाचाच एखादा नियम बदलायचा. मग मुलाला जे शिकायचे ते खेळता खेळता शिकावेच लागते. भाच्याचे पाच आकडे आणि रहीमसाहेबांचा कच्चा पाय ही एकाच जातीची युक्ती होती.

निघण्याच्या दिवशी दुपारी दाजींनी मला शाहू स्टेडियमवर सामना पाहायला नेले. कोल्हापुरातला सामना टी.व्ही.वरच्या सामन्यासारखा नसतो. इथे प्रेक्षक पेठेपेठेने बसतात. झेंडे, ढोल, आणि चेंडू पायात येण्याआधीच सुरू होणारा आरडाओरडा. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ही गोष्ट शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला पाच मिनिटांत तीनदा सांगितली; जणू काही तो त्यांच्याच माडीवर वाढला होता. पहिल्या दहा मिनिटांत मी इतका ओरडलो की माझा घसा बसला. आणि कोणत्या पेठेच्या बाजूने ओरडत होतो, हे मला अजून माहीत नाही.

"ही ईर्षा हाय बगा," दाजी म्हणाले.

आमच्या मुंबईच्या मराठीत ईर्षा म्हणजे हेवा; वाईटच गोष्ट. कोल्हापुरात तो शब्द छाती काढून चालतो. ईर्षेने खेळला म्हणजे जीव ओतून खेळला. समोरचा तोलामोलाचा आहे, त्याच्यापुढे आपण कमी पडता कामा नये, या भावनेला हे लोक ईर्षा म्हणतात.

पण दुसऱ्या अर्धात एका धसमुसळ्या धडकेवरून दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले, आणि क्षणात गॅलरीतून बाटल्या आल्या. पंचांनी खेळ थांबवला. पोलीस पुढे सरकले. थोड्या वेळाने सारे निवळले. पण या गावाच्या फुटबॉलला अशा हाणामाऱ्यांचे गालबोट वरचेवर लागलेले आहे आणि त्यापायी सामने बंद ठेवण्याची वेळही आलेली आहे, हे दाजींनी लपवले नाही. म्हातारा माणूस खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "ईर्षा येगळी, खुन्नस येगळी. कुस्ती झाली का पडलेला बी पाडणाऱ्याला मिठी मारतोय. ते ज्या दिवशी इसरलं, त्या दिवशी तालमीला कुलूप लावावं."

मी भाच्याच्या पोरांचे शेवटचे दृश्य त्यांना सांगितले. चौथा डाव संपल्यावर चोवीस पोरांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या होत्या, आणि सर्वांत वरच्या मैदानात जिंकलेल्या तिघांनी विटा उचलल्या होत्या. हरणाऱ्यांनी नव्हे, जिंकणाऱ्यांनी. हा भाच्याचा नियम. दाजी काही बोलले नाहीत, पण स्टेशनवर निरोप देताना म्हणाले, "पोरगं बरं शिकवतंय म्हणायचं."

मुंबईला परतल्यावर पहिल्यांदा मी मैदानावर गेलो नाही. त्या मुलाच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडले, पाणी आणले. मी म्हणालो, "तुम्ही मे महिन्यात मला एक प्रश्न विचारला होतात. मला खेळवायचंच होतं. ते मला येत नव्हतं, म्हणून मी दमवीत होतो." मग वही काढून त्यांना चार मिनिटांचा खेळ, तीन मिनिटांचा विसावा, पाणी, सारे दाखवले. त्यांनी ऐकून घेतले. "बघते," म्हणाल्या.

आम्ही पाच नवे चेंडू घेतले. पैसे पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून दिले. विटा शाळेच्या मागे पडलेल्या होत्याच. पहिल्या दिवशी सारा गोंधळ झाला. वर कोण, खाली कोण, हे मलाच कळेना. दुसऱ्या दिवशी दोन मुले गुणांवरून भांडली. तिसऱ्या आठवड्यात मात्र शेजारच्या सोसायटीच्या चिटणिसांचे पत्र आले, की संध्याकाळी आपल्या मैदानावर फार गलका होतो, तरी बंदोबस्त करावा. ते पत्र मी जपून ठेवले आहे. आमच्या सरावाचा गलका होतो अशी तक्रार येण्याची ती पहिलीच वेळ! चिंचा कधी बंद झाल्या, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मुले मोजली तर एकोणीस भरली. तीन-तीनच्या सहा टोळ्या झाल्या आणि एक मुलगा उरला. इतक्यात फाटकातून तो मुलगा आत आला. मागून त्याची आई, हातात पाण्याची मोठी बाटली. "सर, धावायचं आहे का?" त्याने विचारले.

"नाही. चार मिनिटं खेळायचं, मग पाणी."

त्याने दप्तर पायरीवर ठेवले. फुटबॉलचे बूट त्याला आता होत नव्हते, म्हणून शाळेच्या बुटांनीच तो आत गेला. आई पायरीवर बसून राहिली. चारही डाव तिने मनगटावरचे घड्याळ लावून पाहिले. शिट्टी वाजवायला मला एकदा अर्धा मिनिट उशीर झाला, तेव्हा तिने मान वर केली. मी लगेच शिट्टी वाजवली.

पुढच्या गुरुवारी मी पायरीकडे पाहिले. बाई आल्या नव्हत्या. मुलगा एकटाच आला होता आणि विटा मांडीत होता.